अठरा किलोंची जोखीम

माझ्या नातीच्या ऑफिसात 'जोखीम' नावाचं एक खातंच आहे. बारा माणसं सकाळी नऊला येतात, संगणक उघडतात आणि संध्याकाळी सहापर्यंत जोखमीत बुडून जातात. मग सुखरूप घरी जातात. गेल्या महिन्यात तिचा फोन आला.

"आजोबा, आमच्या खात्याची छोटी पुस्तिका निघतेय. पहिल्या पानावर 'जोखीम' या शब्दाचा अर्थ हवाय. शब्दकोशातला नको, जिवंत हवा. चार ओळी. द्याल ना?"

म्हाताऱ्या नटाकडे चार ओळी मागणं म्हणजे चार थेंबांसाठी धरणाचा दरवाजा उघडणं. मी खुर्चीतून उठलो. फोनवर बोलायला उठावं लागत नाही हे मला ठाऊक आहे, पण भाषण बसून करायची सवय नाही.

"लिहून घे," मी म्हणालो. "जोखीम म्हणजे वादळाच्या छाताडावर पाय रोवणं! जोखीम म्हणजे मरणाला अंगठा दाखवून..."

"अगं, त्यांना काय विचारतेस?" आतून आमच्या हिची हाक आली; फोन स्पीकरवर होता. गेल्या पन्नास वर्षांत माझं एकही स्वगत हिनं पुरं होऊ दिलेलं नाही. "त्यांनी जन्मात एकदाच जोखीम घेतली. तीही काट्यावर उभं राहायची."

"म्हणजे काय गं आजी?"

"त्यांनाच विचार. म्हणावं, दोरमामांची गोष्ट सांगा."

झालं. भरल्या सभागृहात मागच्या रांगेतून कुणीतरी खोकावं तसं झालं. मी खाली बसलो. नातीला म्हणालो, चार ओळींत नाही बसायचं बाळ, लिहून पाठवतो. ते हे.

दोरमामा आमच्या नाटक कंपनीत दोर ओढायचा. आमचं स्वतःचं थिएटर होतं. सहाशे खुर्च्या, विटांच्या भिंती, रंगमंचावर उंच पत्र्याचं छप्पर आणि त्या छपराखाली लाकडी तुळयांचं जाळं. त्या तुळयांवरून बावीस दोर खाली यायचे आणि उजव्या विंगेत भिंतीलगतच्या खुंट्यांना बांधलेले असायचे. पडदे, कमानी, ढग, दिवे, सगळं त्या दोरांवर. प्रत्येक दोराला वेगळ्या रंगाची चिंधी, पण मामाला चिंध्या लागत नसत. प्रयोग चालू असताना विंगेत अंधार असायचा. मामा नुसता हात फिरवून सांगायचा, हा चंद्र, ही तुरुंगाची खिडकी, हा ढग.

माणूस केवढा? अठ्ठेचाळीस किलो. पावसात भिजला तर पन्नास. मान लांब, कान मोठे, तळहात मात्र पायाच्या तळव्यांसारखे. हातमोजे घालत नसे. "मोजा घातला की दोर मुका होतो," म्हणायचा.

विंगेच्या कोपऱ्यात त्याचा काटा होता. बंद पडलेल्या एका धान्याच्या वखारीतून आणलेला लोखंडी काटा, वर उभं राहायला फळी, समोर दांडी आणि सरकतं वजन. शेजारी वाळूचा ढीग, एक पत्र्याचं माप, रिकाम्या पिशव्या आणि भिंतीवर एक काळा फळा. मामाचा नियम एकच: माणसाच्या डोक्यावर जे जे लटकणार, ते आधी काट्यावर चढणार. मग त्याच्या हिशेबाने पलीकडच्या टोकाला वाळूची पिशवी. आमचा प्लायवूडचा चंद्र अकरा किलोंचा होता. एकदा रंगाऱ्यानं तो नव्यानं रुपेरी केला, तर मामानं उतरवून पुन्हा जोखला. मालक वैतागले.

"अहो मामा, नुसता रंग दिलाय."

"रंग फुकट चढत नाही मालक," मामा म्हणाला आणि पिशवीत अर्धं माप वाळू टाकली.

आणि शब्द? शब्द त्याच्याकडे फार नव्हते. पण एक होता. जे लटकतं, त्याला तो 'जोखीम' म्हणायचा. "बाजूला व्हा, जोखीम खाली येतेय." "जोखीम वर बांधली का नीट?" मामी सांगायची, पहिल्या मुलीला घेऊन ती दवाखान्यातून घरी आली, तेव्हा हा गाडीचं दार उघडून दोन्ही हात पुढे करून म्हणाला, "जोखीम इकडे द्या, हळू." लहान बाळ, प्लायवूडचा चंद्र, सगळ्याला एकच शब्द.

मला हे अगदी हलक्या दर्जाचं वाटायचं. एवढा भारदस्त शब्द, आणि हा माणूस तो गाठोड्यांना लावतो! त्या शब्दाचा खरा मालक मी होतो. तिसऱ्या अंकात, शेवटच्या प्रवेशात, शत्रूनं वेढलेल्या मनोऱ्यावर मी उभा. अंगात सेनापतीचं चिलखत, खांद्यावर लाल झूल, खाली सहाशे माणसं. मी तलवार उपसून गर्जायचो:

"भीती भित्र्यांना लखलाभ! जोखीम हाच मर्दाचा अलंकार!"

आणि बारा फुटांवरून उडी.

टाळ्या! अहो, टाळ्या म्हणजे काय, पत्र्याचं छप्पर थरथरायचं. मी खाली येऊन गुडघा टेकायचो, झुलीच्या आडून कमरेची कडी सोडायचो आणि उठून लढायला लागायचो. टाळ्यांच्या गजरात विंगेत मामाचे ओठ हललेले दिसायचे. काय म्हणतो ते ऐकू यायचं नाही. मी समजायचो, 'वा, वा' म्हणत असेल. दुसरं काय म्हणणार?

आता कमरेची कडी म्हटलं, तर ते उघड करायलाच हवं. चिलखताखाली माझ्या कमरेला चामड्याचा पट्टा असायचा. त्याला पाठीमागे कडी, कडीला काळा दोर. तो वर तुळईच्या चाकावरून पलीकडे मामाकडे. मामाकडच्या टोकाला वाळूची पिशवी आणि शिवाय मामाचे दोन हात. त्यानं मला पहिल्याच तालमीला समजावलं होतं.

"हे बघा सेनापती, तुमच्या वजनाएवढी पिशवी लावली, तर तुम्ही पतंगासारखे वरच तरंगत राहाल. म्हणून पिशवी तीस किलो कमी. ते तीस माझ्या हातात. मी अठ्ठेचाळीस. म्हणजे राहिले किती?"

"अठरा," मी म्हणालो. गणित मला येत होतं, कळत नव्हतं.

"ती अठरा किलो माझी जोखीम. तुमचा हिसका, झुलीतला वारा, दमट दोर, सगळं त्या अठरात बसवायचं. त्याच्या वर गेलं तर खाली तुम्ही येणार आणि वर मी जाणार."

मी हसलो होतो. आणखी एक नियम होता: सगळ्या साजासकट ऐंशी किलोंच्या वर माणूस दोराला नाही. चाकाची मर्यादा. दर प्रयोगाआधी पूर्ण वेशात काट्यावर उभं राहायचं, मामा आकडा फळ्यावर लिहिणार.

सुरुवातीला माझा आकडा बहात्तर होता. त्या नाटकाचे दोनशे प्रयोग झाले. यश माणसाच्या डोक्यात जातं म्हणतात, माझ्या ते पोटात गेलं. आकडा शहात्तर झाला, अठ्ठ्याहत्तर झाला. फळ्यावर, चंद्राच्या खाली, सगळ्यांना वाचता येईल असा. चंद्र बिचारा दोनशे प्रयोग अकरावरच होता. एक दिवस मालक फळ्यापाशी थांबले, माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि म्हणाले, "ऐंशी झाले की सांगा मामा. मग उडी बंद. सेनापती जिन्याने उतरेल."

सेनापती जिन्याने उतरेल! त्या वाक्यानं माझी झोप उडाली. जिन्याने कोण उतरतं? दूधवाला उतरतो. भाडेकरू उतरतो. सहाशे माणसांसमोर मी हाताने कठडा धरून पायऱ्या उतरतोय आणि मागच्या रांगेत कुणीतरी जांभई देतंय, हे चित्र मला दिसायला लागलं.

मग मी काय केलं? खाणं कमी केलं, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही नट पाहिलेला नाही.

काट्याच्या बरोबर वर एक मोकळा दोर लोंबकळायचा. वर तुळईला पक्का, खालचं टोक मात्र सुट्टं. मी काट्यावर चढलो की तालमीच्या आविर्भावात डावा हात उंच करून तो दोर धरायचो, नजर दूर क्षितिजावर, आणि स्वगत सुरू करायचो. मामाचं लक्ष दांडीवर. तो काटा बघायचा, माणूस बघत नसे. माणसाला काट्यावर खोटं बोलता येतं हे त्याच्या डोक्यातच आलं नसावं. मी हळूच दोराला लटकायचो. पहिल्या दिवशी दोन किलो हलका झालो. काय आनंद सांगू! पुढच्या महिन्यात पाच. पोट वाढत गेलं तसा माझा डावा दंडही कमावला गेला. वर्षअखेर माझा खरा आकडा त्र्याण्णव होता आणि फळ्यावर एकोणऐंशी. चौदा किलो मी मुठीत लपवत होतो.

अठरातले चौदा मी खाल्ले. मामाला न विचारता.

तो शनिवारचा प्रयोग होता. थिएटर भरलेलं. मी आरोळी ठोकली, जोखीम हाच मर्दाचा अलंकार, आणि त्या दिवशी हुरूप जरा जास्त होता म्हणून उडीही जरा उंच घेतली. एका क्षणात कळलं की आज काहीतरी निराळं आहे. एरवी मी यायचो तो पीस यावं तसा. त्या दिवशी आलो तो पोतं यावं तसा. धप्प! डावा घोटा मुरगळला, चिलखत हनुवटीवर आपटलं. आणि त्याच वेळी विंगेच्या बाजूला, किल्ल्याच्या रंगवलेल्या तटावर, हळूहळू एक डोकं उगवलं. मग लांब मान. मग खांदे. मग दोराला घट्ट मिठी मारलेला अख्खा मामा.

त्याला सुटायचं असतं तर सुटता आलं असतं. नुसतं हात उघडायचे. मग पिशवी वर उसळली असती आणि मी बारा फुटांवरून दगडासारखा आदळलो असतो. त्यानं हात उघडले नाहीत. तळहातांतून दोर सरकला, कातडं सोलवटलं, तरी त्यानं आवळलं, आणि माझ्या त्र्याण्णव किलोंनी त्याला उचलून शत्रूच्या तटावर नेऊन लटकवलं.

माझा हात सवयीनं पाठीमागे कडीकडे गेला.

"कडी सोडू नका." वरून आवाज आला. मोठा नाही, ओरडून नाही, चहात साखर नको म्हणावं तसा. "सेनापती, कडी नाही सोडायची."

मी थिजलो. मी कडी सोडली असती, तर मामा आठ फुटांवरून पिशवीसकट खाली. मी जागचा हलायचं नाही, एवढंच माझ्याकडून हवं होतं. आणि तेवढ्यात मामाच्या पायातली एक चप्पल सुटली आणि टप्पकन माझ्यासमोर पडली.

प्रेक्षागृह चिडीचूप. आता चांगल्या माणसानं काय केलं असतं? 'पडदा पाडा' म्हणून ओरडला असता. मी चप्पल उचलली, तलवारीच्या टोकावर ठेवली आणि म्हणालो, "शत्रूकडची अस्त्रं संपलेली दिसतात!"

टाळ्या, शिट्ट्या. लोक उभे राहिले. आणि मी, मामा वर लटकलेला असताना, कमरेत वाकून अभिवादन केलं. बेतानेच वाकलो, कारण कडी. पण वाकलो.

मालकांनी पडदा पाडला. शिडी आली, मामाला उतरवलं. मी बघितलं, त्याचे तळहात लाल ओले झाले होते. तो मात्र माझ्या घोट्याकडे बघत होता. "मोडला नाही ना?" एवढंच विचारलं.

रविवारी सकाळी मालकांच्या खोलीत आम्ही दोघं उभे. माझा घोटा पट्टीत, मामाचे दोन्ही हात पट्टीत.

"दोर तुमचा," मालक म्हणाले, "काटा तुमचा, पिशवी तुमची. तीस वर्षांत असं झालं नाही, मान्य. पण काल झालं. कशामुळे?"

मामानं एकेक करून हिशेब दिला.

"दोर बघितला, ठीक आहे. चाक बघितलं. काटा दगड ठेवून तपासला, खोटं बोलत नाही," तो म्हणाला. "म्हणजे मीच चुकलो. आकडा वाचायला चुकलो. डोळे गेले असतील मालक."

"मग बुधवारपासून दुसरा माणूस बघतो. तुम्ही दारावर बसा. तिकिटं फाडायची. बसून काम आहे."

मामानं पट्टी बांधलेल्या हातानं खिशातून तुळयांच्या माळ्याची किल्ली काढायला घेतली. निघेना. दोन्ही हातांच्या कोपरांनी खिसा दाबून त्यानं ती बाहेर ढकलली आणि टेबलावर पाडली.

आणि मी? जोखीम या शब्दाचा खरा मालक? घशात सगळी वाक्यं तयार होती. नुसतं 'मालक, चूक माझी' एवढं म्हणायचं होतं. तीन शब्द. मला पानंच्या पानं पाठ राहायची. पण त्या तीन शब्दांपुढे तो आकडा उभा होता, त्र्याण्णव, आणि त्याच्यामागे जिना. मी म्हणालो, "मामांच्या प्रकृतीला आराम पडो," आणि लंगडत बाहेर आलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे, तिनं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर तिनं माझ्या पुढ्यातलं ताट उचलून आत नेलं. हे फार वाईट चिन्ह.

"म्हणजे तो माणूस हात सोलवटून घेऊन आंधळा ठरला," ती म्हणाली, "आणि तुम्ही चप्पल तलवारीवर नाचवलीत."

"अगं, तो क्षणच तसा..."

"त्र्याण्णव?"

"साजासकट," मी म्हणालो.

मंगळवारी सकाळी मी मामाकडे गेलो. दोन खोल्या, तिसरा मजला. जिन्याने. वर पोचेपर्यंत मला धाप लागली होती आणि दार उघडंच होतं. आत मामा भिंतीला टेकून खुर्चीवर बसलेला, हात मांडीवर पालथे. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मामी भिंतीवरचं कॅलेंडर उचलून छातीशी धरून उभी.

"सतरा," मामा म्हणत होता. "चोवीस. एकतीस. त्याच्या खाली बारीक काय लिहिलंय? 'सुट्टी.'"

"बरोबर," मामी म्हणाली. मग मला बघून, "या भाऊ, बसा. रविवारपासून हेच चाललंय. मी स्वयंपाक करू की तारखा दाखवू?"

"तुम्ही धरा हो जरा," मामा मला म्हणाला. "ती मला माहीत असलेल्या तारखा दाखवते. तुम्ही कुठलाही महिना काढा. दाराबाहेर जाऊन धरा."

मी धरलं. लंगडत जिन्याच्या तोंडाशी गेलो आणि कॅलेंडर उलटं धरलं.

"नऊ," आतून आवाज आला. "आणि ते उलटं धरलंय तुम्ही."

मी आत आलो. मामाच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. तो पुढे वाकला.

"सगळं दिसतंय मला. तुमच्या शर्टाचं दुसरं बटण सुटायला आलंय, तेही दिसतंय. मग काट्यावर चुकलो कुठे? डोळे गेले असते तर बरं झालं असतं. कारण कळलं असतं. आता वाटतं, डोकंच गेलं असेल. आकडा बघितला एक आणि लिहिला एक. दारावर बसून तिकिटं तरी नीट फाडेन का?" त्यानं आवाज खाली केला. "मामीला नका सांगू. काल मी चहाच्या कपात साखर मोजून बघत होतो."

मामीनं चहा दिला. मामाला ती बशीनं पाजत होती, लहान मुलाला पाजावा तसा. माझं बटण खरंच त्या वेळी सुटलं आणि बशीत पडलं. मामा हसला. मी बटण खिशात टाकलं. खोटं कशाला सांगू, त्याही दिवशी खरं नाही बोललो. जिना उतरताना मात्र कळलं की मला आता दुसरा रस्ता उरलेला नाही. पळायच्या सगळ्या वाटा संपाव्यात आणि माणसानं घाबरत पुढे जावं, याला धाडस म्हणत असतील तर माझं ते तेवढंच.

बुधवारी चारला सगळी कंपनी विंगेत जमली होती. नवा दोरवाला आला होता, जाडजूड गडी, हातात कोरे हातमोजे. मामा दारावरची खुर्ची घेऊन जायला आला होता. मालक उभे होते. मी पूर्ण वेशात आलो, चिलखत, तलवार, झूल, आणि काट्याजवळ जाऊन गर्जलो:

"थांबा!"

सवय. साधं 'जरा ऐका' मला म्हणता येत नाही.

"मामा," मी म्हणालो, "तुम्ही वाचा. शेवटचं."

"मी कशाला? हा नवीन..."

"तुम्हीच."

मी काट्यावर चढलो. डावा हात वर केला, लोंबकळता दोर धरला, नजर क्षितिजावर. मामानं कोपरानं वजन सरकवलं, दांडी स्थिर झाली.

"एकोणऐंशी," मामा म्हणाला.

"आता बघा," मी म्हणालो आणि हात सोडला.

दांडी खाड्कन वर आदळली. वाळूच्या ढिगातून घसरलेले चार कणही ऐकू आले. मामानं दांडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. बहुतेक पहिल्यांदाच काट्यावरच्या माणसाकडे. मग त्या लोंबकळत्या दोराकडे. मग कोपरानं वजन सरकवत गेला, ऐंशी, पंच्याऐंशी, नव्वद, आणि थांबला.

"त्र्याण्णव," तो म्हणाला.

माझ्या नायिकेनं तोंडावर पदर धरला. नवा दोरवाला हातमोजे खिशात घालू लागला. मी वाट बघत होतो शिव्यांची. मामाचा चेहरा लाल झाला आणि तो एकदम ओरडला:

"म्हणजे मी बरोबर वाचत होतो!"

"हो मामा."

"दोनशे प्रयोग मी बरोबर वाचत होतो! मालक, डोळे शाबूत आहेत माझे! डोकं पण शाबूत आहे!" तो त्या पट्ट्या बांधलेल्या हातांनी माझे खांदे धरून हलवत होता, आणि मी काट्यावर असल्यामुळे दांडी टक टक टक वाजत होती. सुमारे एक मिनिट त्याला माझ्यावर रागवायचं सुचलंच नाही. मग सुचलं. जे सुचलं ते मी इथे लिहीत नाही, कारण पुस्तिका ऑफिसची आहे. एवढंच सांगतो की तीस वर्षं शब्द साठवलेल्या माणसाकडे ते किती असतात, हे त्या दिवशी कंपनीला कळलं. शेवटी धाप लागून तो म्हणाला, "घ्यायची होती तर अंगावर घ्यायची होती की हो जोखीम! माझ्या हातातली का चोरलीत?"

मालकांनी किल्ली मामाच्या शर्टाच्या वरच्या खिशात टाकली. मग माझ्याकडे वळून म्हणाले ते मला पाठच होतं.

"सेनापती जिन्याने उतरेल."

मामा मात्र माझ्याआधी जिन्याकडे गेला. मनोऱ्याच्या मागे सुतारानं वर चढायला केलेला लाकडी जिना होता, तोच फिरवून पुढे लावला. सोळा पायऱ्या. मामानं गड्यांकडून प्रत्येक पायरीवर वाळूच्या पिशव्या ठेववल्या, त्र्याण्णव आणि वर अठरा, एकशेअकरा. दोन पायऱ्या कुरकुरल्या, त्या बदलायला लावल्या. प्रयोग वीस मिनिटं उशिरा सुरू झाला.

तिसरा अंक आला. मनोऱ्यावर उभा राहून मी गर्जलो, भीती भित्र्यांना लखलाभ, जोखीम हाच मर्दाचा अलंकार. मग कठडा धरला आणि उतरायला लागलो. एक पायरी. दुसरी. घोटा ठणकत होता. सोळा पायऱ्या म्हणजे किती वेळ, हे ज्यानं सहाशे माणसांसमोर उतरून बघितलंय त्यालाच कळेल. सातव्या पायरीवर कुणीतरी खोकलं. अकराव्या पायरीवर मागच्या रांगेत, मला माहीत होतंच, जांभई. टाळी एकही नाही.

आणि टाळी नव्हती म्हणूनच ऐकू आलं. जिन्याच्या आड, अंधारात, मामा प्रत्येक पायरीखाली खांदा लावून माझ्याबरोबर सरकत होता. मी शेवटच्या पायरीवरून जमिनीवर पाय टेकवला, तेव्हा त्यानं श्वास सोडला आणि पुटपुटला. दोनशे प्रयोग मी ज्याला 'वा, वा' समजत आलो होतो, ते.

"उतरली जोखीम."

आणि मग, जरा थांबून, स्वतःशीच, समाधानानं:

"त्र्याण्णव."